संग्रहालयातील जुनी नॅरोगेज इंजिने पुन्हा चालू का करत नाहीत?

चालू इंजिन पाहण्याची आपली इच्छा स्वाभाविक आहे, परंतु जतन करणे आणि चालवणे ही दोन उद्दिष्टे अनेकदा एकमेकांच्या आड येतात. वेल्समधील टाउइन येथे दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहता येतात.

तेथील टॅलिलिन रेल्वे ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६०च्या दशकात बांधलेली, रुळांमध्ये २ फूट ३ इंच अंतर असलेली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, लोहमार्गिका. १९५० मध्ये मालक हेडन जोन्स वारल्यावर ती बंद पडणार होती; ती वाचवण्यासाठी त्याच वर्षी स्थापन झालेल्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी १९५१ पासून ती चालवायला घेतली आणि पुढे स्थानकालगत नॅरोगेज संग्रहालयही उभारले. रेल्वेची मूळ दोन इंजिने आजही गाड्या ओढतात. मात्र वाफेच्या दाबाची सुरक्षितता राखण्यासाठी त्यांना नवे बॉयलर बसले आणि बरेच जुने भाग बदलले गेले, हे मान्य करावे लागते.

याउलट संग्रहालयात वेल्समधल्याच पेनऱ्हिन या पाटीच्या दगडाच्या खाणीतील उभ्या बॉयलरचे 'जॉर्ज हेन्री' हे १८७७ चे इंजिन आहे. ते चालवायचे ठरवले, तर बदलावा लागणारा पहिला मोठा भाग बहुधा तोच उभा बॉयलर असेल, आणि त्यासाठीच तर ते जपलेले आहे. मूळ धातूचे पत्रे, ते जोडणारे रिव्हेट, झिजलेल्या कडा आणि कामगारांनी केलेली ओबडधोबड दुरुस्ती हाच तेथे पुरावा असतो. माझ्या मते एका प्रकारची अनेक इंजिने शिल्लक असतील तर एखादे खुशाल चालवावे, एकमेव उरलेले मात्र थंडच ठेवावे.