शाळेला दांडी मारली तर पुन्हा निरीक्षणगृहात नेतील का?

"पोट्टा एक दिवस शाळेत नाही गेला तं त्याले पुन्हा आत टाकतीन का जी मॅडम?" समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा नेहमीचा प्रश्न. गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या मुलांची सुनावणी करणाऱ्या बाल न्याय मंडळाने मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर घरी सोडलेले असते, आदेशात 'नियमित शाळेत जावे' अशी ओळ असते आणि त्या एका ओळीचा सगळ्या घराला धसका बसतो.

नाही, एका दांडीवरून कोणी आत टाकत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नुसत्या गैरहजेरीवरून मूल बाल न्यायालयापुढे उभे राहते. आपल्याकडे शाळा बुडवणे हा मुलाचा गुन्हा नाही. दुसऱ्या एखाद्या कृत्यावरून प्रकरण मंडळापुढे गेले, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ नुसार सुटकेच्या आदेशाला शाळेची अट जोडता येते. ही देखरेख जास्तीत जास्त तीन वर्षांची असते.

नागपूरच्या कळमना भागातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा नववीत, मित्रांबरोबर मोबाइल चोरल्याचे प्रकरण. वडील हमाल, पाठीच्या आजाराने घरी बसलेले. आई धुणीभांडी करते. शाळेचे म्हणणे एवढेच की संगत वाईट आहे आणि अभ्यासात लक्ष नाही.

परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला, सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यायचा असतो. त्यात घर, शेजार, शाळा, मित्र, कमाई सगळे येते. या प्रकरणात उत्तर सापडले ते हजेरीपटात. टक्केवारी न बघता महिन्यामागून महिना उघडून पाहिला. जूनअखेर शाळा उघडली तेव्हापासून दिवाळीपर्यंत हजेरी जवळपास पूर्ण. नोव्हेंबरमध्ये ती कोसळली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा. हे अंबिया आणि मृग या दोन बहरांची संत्री बाजारात येण्याचे महिने. मुलगा पहाटे चारला कळमना मार्केटमध्ये गाड्या खाली करायला जात होता. बाकीच्या दिवशी पहिल्या तासाला 'हजर' लागायचे आणि मधल्या सुट्टीनंतर तो झोपेने पेंगत बाहेर पडायचा. चोरीतले मित्रही तिथलेच होते. 'संगत' या शब्दामागे असे पुष्कळ दडलेले असते, म्हणून त्या शब्दावर थांबू नये असे आमचे ठाम मत आहे.

१४ ते १८ वयाच्या मुलाला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावता येत नाही. हे व्यापाऱ्याला सांगितल्यावर पहाटेचे काम त्याच दिवशी सुटले. पण त्याच दिवशी घरातला पैसाही थांबला. इथे दुर्लक्ष झाले की महिनाभरात मुलगा दुसऱ्या गाळ्यावर दिसतो. म्हणून बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अडचणीतल्या घरांतल्या मुलांसाठी दरमहा मदत देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्ज लगेच भरला. वडिलांच्या आजाराची कागदपत्रे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचे पासबुक जोडून तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दिला. मंजुरी बाल कल्याण समितीकडून होते आणि तिला वेळ लागतो. तोवर रविवारी दिवसा तीन तास संत्री निवडायचे हलके काम, एवढीच मोकळीक ठेवली.

शाळेच्या बाजूने एकच बदल केला. हजेरीची सही सकाळी न घेता मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, एकाच शिक्षकाची. मुलगा निसटायचा ती वेळ तीच होती. गणितात तो अपूर्णांकांवर अडकलेला होता, त्यामुळे नववीचा धडा त्याला परका वाटे. आठवड्यातून दोन दिवस सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली.

बिघडले ते दोन ठिकाणी. एका सोमवारी तो गेला नाही, तेव्हा आईने अधिकाऱ्याला 'ताप होता' असे सांगितले आणि हजेरीपट पाहताना ते उघड झाले. भीतीपोटी बहुतेक आया हेच करतात. त्याच दिवशी फोन करून खरे कारण सांगितले असते, तर अहवालात 'कारण कळवले' अशी नोंद झाली असती. गैरहजेरी वाढतच गेली, तर अधिकारी मंडळाला कळवतात, मंडळ मुलाला आणि पालकांना बोलावते आणि अटी बदलू शकते. अशा वेळी आधी कळवलेली कारणेच उपयोगी पडतात.

दुसरे, आईने विश्वासाने प्रकरण शेजारणीला सांगितले, तिच्या मुलाकडून ते वर्गात गेले आणि पोरे 'चोर' म्हणू लागली. कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. शाळेत मुख्याध्यापक आणि सही करणारे शिक्षक, एवढ्यांनाच माहीत असले तरी पुरते. लाजेपोटी वर्षाच्या मध्येच दाखला काढून शाळा बदलू नका. नव्या शाळेत सही घेणारे कोणी नसते आणि मागे पडलेला अभ्यास तसाच राहतो.

हा मुलगा पुढच्या वर्षी दहावीत जाईल. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून दिवाळीनंतरच्या आठवड्यांचा हिशेब मुख्याध्यापकांबरोबर आधीच मांडून ठेवायला हवा. हजेरी भरत नसेल, तर खासगीरीत्या बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे. पण तो परस्पर भरू नका. आदेशात शाळेची अट आहे, म्हणून आधी परिविक्षा अधिकाऱ्याशी बोलून बाल न्याय मंडळाकडून ती अट बदलून घ्या.