दोघंही नोकरीला, घरी पोचायला आठ वाजतात. रोज रात्री पौष्टिक जेवण कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, दोघंही नोकरी करता, स्टेशनवरून घरात शिरेपर्यंत पावणेआठ-आठ होतात, घरात दोन मुलं आहेत आणि आठवड्यातून दोन-तीनदा जेवण बाहेरून मागवावं लागतं. रविवारी आठवड्याच्या भाज्या करून ठेवल्या तर तिसऱ्या दिवशी मुलं तोंड लावत नाहीत, हीही तुमची तक्रार आहे.

मुलांचं बरोबर आहे. आपल्या भाजीची चव फोडणीत आणि ताजेपणात असते. तीन दिवसांची फरसबी गरम केली की ती मऊ पडते आणि तेल सुटून वेगळं दिसतं. म्हणून माझं ठाम मत: भाज्या शिजवून ठेवू नका, शिजवायला तयार ठेवा. रात्री आठ वाजता वेळ खातं ते शिजवणं नव्हे. निवडणं, सोलणं, भिजवणं आणि ‘आज काय करायचं’ हे ठरवणं. तेवढं आधी उरकलेलं असेल तर गॅस पेटवल्यापासून पानं घेईपर्यंत ३५ मिनिटं पुरतात.

आधी प्रमाणाचं बोलू, कारण खरी चूक तिथे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्या जागी अंडी, मासे, मांस) धरली आहेत. त्यातलं निम्मं रात्रीचं आणि मुलांचं थोडं कमी धरलं, तर तुम्हा चौघांना रात्री साधारण १५० ग्रॅम कोरडी डाळ आणि ६०० ते ७०० ग्रॅम भाजी लागते, कोशिंबीर धरून. १५० मिलीच्या वाटीने ती डाळ सव्वा वाटीच्या आत-बाहेर होते. घरोघरी मात्र अर्ध्या वाटी डाळीचं पातळ वरण आणि पाव किलो भाजी चौघांत फिरते, बाकी पोट पोळी-भातावर भरतं. ओट्स-किनोआ आणायची गरज नाही. डाळ आणि भाजी दुप्पट-अडीचपट करा, एवढ्यानेच ताट बदलतं.

आता रविवारचं काम. दीड तास, दोघांनी मिळून.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मोड. शनिवारी सकाळी दोन वाट्या मटकी किंवा मूग भिजत घाला, रात्री पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात बांधा. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत २० तासही लागतात. आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा पुरचुंडी फार घट्ट बांधली होती. चिकट झालेलं कडधान्य सरळ टाकून द्या. चांगले मोड फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. मोडाची मटकी कुकरला लावू नका, गाळ होतो. कढईत फोडणीवर परतून, जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी घालून झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटांत दाणा अख्खा राहून शिजतो. छोले, राजमा आठ-दहा तास भिजवून, निथळून, एका वेळेपुरते डब्यांत भरून फ्रीझरला टाका. हे गोठलेले दाणे थेट कुकरमध्ये जातात. राजमा मात्र कधीही मंद आचेवर अर्धवट शिजवून खाऊ नये. त्यातला लेक्टिन नावाचा घटक चांगली खळखळ उकळी आल्याशिवाय नष्ट होत नाही आणि पोट बिघडतं.

दुसरं, कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला. एक किलो कांदा, पाऊण किलो टोमॅटो, १५-२० लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, पाच-सहा मोठे चमचे तेल. कांदा तांबूस होईपर्यंत परता, मग बाकीचं घालून तेल सुटेपर्यंत आटवा. पाऊण तास जातो, पण फार लक्ष द्यावं लागत नाही. इथे घाई केली तर पाणी राहतं, गोठल्यावर त्याचा बर्फ होतो आणि रश्शाला कच्च्या टोमॅटोची चव येते. गार झालं की झिपलॉक पिशवीत चपटं थापा आणि सुरीच्या पाठीने बाहेरूनच पाच-सहा चौकोन पाडून फ्रीझरला ठेवा. लागेल तेव्हा एक चौकोन मोडून थेट कढईत. नारळ यात वाटू नका. खवलेला नारळ वेगळ्या डबीत गोठवा.

भाजीची खरेदी शनिवारी-रविवारी सकाळी जांभळी नाक्याच्या मंडईत करा किंवा सोसायटीखालच्या गाडीवर, पण संपवायचा क्रम ठरलेला हवा. पालेभाज्या सोमवार-मंगळवारी, फरसबी, गवार, दोडका मधल्या दिवसांत, कोबी, गाजर, लाल भोपळा गुरुवार-शुक्रवारी. मेथी, पालक, कोथिंबीर धुऊन ठेवू नका. निवडा, पंख्याखाली तासभर पसरा, सुती कापडात गुंडाळून डब्यात घाला. धुवायचं ते करताना. पावसाळ्यात जुड्या ओल्याच येतात, तेव्हा हे वाळवणं चुकवलं तर दुसऱ्याच दिवशी पानं काळी पडतात. फरसबी, गवार मोडून ठेवली तर तीन दिवस चालते, चिरलेला कोबी दोन दिवस. वांगी, बटाटा, दुधी आधी चिरू नका, काळे पडतात. भेंडी आयत्या वेळी पुसून चिरा. चिरलेला कांदाही रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही, फ्रिजभर वास सुटतो.

शिवाय पाव किलो शेंगदाणे भाजून कूट करून ठेवा, फ्रिजमध्येच. बाहेर आपल्या हवेत ते लवकर खवट होतं.

पोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते: विकत आणा. ठाण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून पोळ्या किंवा भाकऱ्या घ्या आणि डाळ-भाजी घरी करा. बाहेरच्या जेवणात जास्तीचं तेल आणि मीठ भाजीत असतं, पोळीत नव्हे. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. घरीच करायच्या असतील तर सकाळी थोडी घट्ट कणीक मळून वरून तेलाचा हात लावून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. २४ तासांपुढे ती काळपट पडते आणि आंबते. ज्वारीचं पीठ मळून ठेवता येत नाही. त्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, भाकरी कडेने चिरते. ते गरम पाण्याने आयत्या वेळीच मळायचं.

आता आठ वाजताचा क्रम. जो आधी घरी पोचेल त्याने पिशवी ठेवून आधी सव्वा वाटी तूरडाळ धुऊन कढत पाण्यात भिजवायची, मग हातपाय धुवायचे. फोनवरून सांगायला मुलं घरी असतील तर आणखी बरं, दहा वर्षांचं मूल डाळ-तांदूळ मोजून धुऊ शकतं. पंधरा मिनिटांनी पाच लिटरच्या कुकरमध्ये तळाला इंचभर पाणी, खालच्या भांड्यात डाळ (तिप्पट पाणी, हळद, थेंबभर तेल), वरच्या भांड्यात भात (दुप्पट पाणी), आणि झाकणाखाली जागा असेल तर लाल भोपळ्याच्या फोडी किंवा रताळी. शिट्ट्या मोजण्यापेक्षा वेळ मोजा: पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा मिनिटं, मग गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरू द्या. वाफ ओढून काढली तर डाळीचा दाणा मध्ये कच्चा राहतो.

इतकं करूनही डाळ शिजत नसेल तर दोन कारणं तपासा. टोमॅटो, चिंच, आमसूल आधीच घातलं असेल, तर आंबटामुळे डाळ मऊ पडायला वेळ लागतो. ते फोडणीच्या वेळी घाला. दुसरं, पाणी. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळ टणकच राहते. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी वापरून बघा, फरक लगेच कळेल. खायचा सोडा घालू नका. डाळ शिजते खरी, पण बी-१ जीवनसत्त्व नासतं.

कुकर होईपर्यंत एका शेगडीवर भाजी फोडणीला पडते, आणि दुसरं माणूस काकडी-गाजराची कोशिंबीर करतं. ही कोशिंबीर जेवणाबरोबर न वाढता झाली की लगेच मुलांपुढे ठेवा. त्यांना भूक साडेसातलाच लागलेली असते. त्या वेळी बिस्किटं-वेफर्स हाताला लागले की जेवण बोंबललंच. कूट आणि लिंबू घातलेली वाटीभर कोशिंबीर, उकडलेले चणे किंवा पेरू, एवढं तेव्हा पोटात गेलं तर भाजीचा निम्मा हिशोब तिथेच पुरा होतो.

वार बांधून टाका, म्हणजे विचार करावा लागत नाही. सोमवारी मोडाची उसळ, मंगळवारी डाळ-पालक किंवा मेथीचं वरण, बुधवारी अंड्याचा रस्सा किंवा मासे, गुरुवारी खिचडी, शुक्रवारी पुन्हा अंडी-मासे किंवा छोले. घरात सोमवार-गुरुवार पाळत असाल तर तो मेळही बसतो. खिचडीला तांदूळ आणि मूगडाळ समसमान घ्या, सव्वा-सव्वा वाटी, सोबत अर्धा किलो भाज्या. आठ वाट्या पाणी बाजूला उकळून घाला, गार पाण्याने कुकरमध्ये वाफ धरायला उगाच वेळ जातो. बारीक आचेवर आठ मिनिटं बस्स.

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जिवाणू उबदार हवेत विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट डब्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवा.

आणि लोकल रखडली, नऊ वाजले, काहीच भिजवलेलं नाही, अशा दिवसासाठी पिठलं. दीड वाटी बेसन साडेचार वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्या. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ सोडलं की गुठळ्या होतातच. मोहरी, जिरं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, एक कांदा परता, हाताशी असेल तर निवडलेली मेथी त्यातच घाला. मग कालवलेलं बेसन ओतून घट्ट होईपर्यंत ढवळत राहा, झाकून पाच मिनिटं वाफ द्या. केंद्रावरून आणलेली भाकरी, कच्चा कांदा, काकडीच्या चकत्या. बाहेरून मागवलेलं पार्सल दारात यायच्या आत हे पानात पडलेलं असतं.