जलरंगात मेण, मास्किंग फ्लुइड वगैरे वापरून प्रयोग करायचे आहेत. सुरुवात कुठून करावी?

मेणापासून करा. पांढरी मेणबत्ती किंवा पांढरा मेणखडू पुरे. खरखरीत कागदावर मेणबत्ती आडवी धरून अलगद फिरवली की मेण फक्त उंचवट्यांना लागतं. वरून वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला की रंग खळग्यांत उतरतो. पाण्यावरची चमक, झाडाची साल, खडकाचा पृष्ठभाग असा एका फटक्यात मिळतो, ब्रशने तो काढत बसणं फार कष्टाचं आहे. गुळगुळीत हॉट प्रेस्ड कागदावर ही मजा नाही. दाबून घासलंत तर मात्र मेणाची सलग रेघ उमटते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वे स्थानकांत आसरा घेतलेल्या लोकांची ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरने काढलेली चित्रं जरूर पाहा. मेणखडूच्या रेषांवर त्याने गडद वॉश दिले आहेत आणि माणसं अंधारातून उजळून पुढे येतात.

लावलेलं मेण मात्र नीट काढता येत नाही, म्हणून जागा आधीच ठरवा.

बहुतेक जण हे तंत्र फक्त पांढरा कागद राखायला वापरतात. मला त्याची खरी ताकद रंग राखण्यात वाटते. आधी फिकट पिवळा वॉश द्या. तो पूर्ण वाळला की मेणाच्या रेषा ओढा, मग हिरवा, तो वाळला की पुन्हा मेण आणि शेवटी गडद निळा. प्रत्येक थरात राखलेला रंग शेवटपर्यंत टिकतो. बाटिकमागेही हेच तत्त्व आहे. एवढा एक प्रयोग तरी कराच!

मास्किंग फ्लुइड म्हणजे बहुधा अमोनियायुक्त पाण्यातलं रबराचं लॅटेक्स. ते लावलेल्या जागी रंग कागदापर्यंत पोचत नाही, म्हणून बारीक, काटेकोर आकार राखायला ते उत्तम. चांगला ब्रश त्यात कधीच बुडवू नका. जुना ब्रश आधी ओल्या साबणावर फिरवून घ्या, म्हणजे रबर केसांत अडकत नाही. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात आणि तिथे बारीक भोकं राहतात. कागद कोरडा हवा. फ्लुइड आपोआप वाळू द्या, हेअर ड्रायरने तापवलं तर ते कागदाला धरून बसतं. रंग पूर्ण वाळल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, बोटाने हलकेच चोळून काढा. हलका कागद सोलवटतो, म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या आणि तरीही आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तपासा. रंगाच्या थरावर लावलं तर काढताना थोडा रंगही उचलला जाऊ शकतो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर मेणावरच थांबा.

फ्लुइड काढल्यावर कडा कात्रीने कापल्यासारख्या टोकदार दिसतात. फुलाच्या पाकळीला किंवा ढगाला त्या शोभत नाहीत. ओलसर, जरा ताठ केसांच्या ब्रशने काही ठिकाणीच कडा चोळा आणि टिश्यूने टिपून घ्या. सगळ्या कडा मऊ करू नका, जिथे नजर ठरायला हवी तिथली तीक्ष्णच ठेवा.