शिरोलीच्या फौंड्रीत प्रॉडक्शन इन्चार्ज आहे. हाताखालच्या माणसांविरुद्ध छळाची तक्रार करता येते का, की राजीनामाच बरा?

येते. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा छळणारा वरचा की खालचा, हे बघत नाही. तरी "मॅडमच साहेब, त्यांना कोण छळणार?" हे मी या कायद्याखालच्या कंपन्यांतल्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते तिथं हमखास ऐकते आणि डोकं फिरतं.

एका फौंड्रीतलं सांगते (नावगाव गाळलंय, कायद्याचंच बंधन आहे). इन्चार्ज बाई सकाळच्या शिफ्टला आल्या की बोर्डावर हीट नंबरांखाली (हीट म्हणजे भट्टीतला वितळलेल्या धातूचा एक घाणा) खडूनं त्यांच्याबद्दल घाण लिहिलेलं असायचं. त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि कामाला लागायच्या. असे पाच महिने. गेटात गाडी लावताना हात थरथरायला लागले, तेव्हा तक्रार दिली. तीत एकच ओळ: "अश्लील लिहितात." एवढ्यावर समितीनं चौकशी कशाची करायची? शब्द जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. तारीख, शिफ्ट, तिथं कोण उभं होतं, तेही. पुसायच्या आधी फोटो काढा. ग्रुपवरचं असेल तर नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ चॅट उडवू नका. तक्रारीच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. पोच घेतल्याशिवाय हलू नका. मुदत शेवटच्या प्रसंगापासून ३ महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी ३ देते.

तिथले एचआरवाले म्हणाले, मिटवून टाकू. समेट बाईनं स्वतः मागितला तरच होतो, तोही पैशावर नाही. कलम १० समोर धरलं, तरी साहेब म्हणतात, "मॅडम, कोल्हापुरात असं चालत नाही." न चालायला काय झालं? वर बाईंनाच स्टोअरला टाकायला निघाले होते. चौकशी चालू असताना बदली समोरच्याचीही होते, शिवाय बाईला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा मिळते. फक्त तिचा लेखी अर्ज लागतो. त्याआधी राजीनामा अजिबात नको.

कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती कुठं बसते, ते नागाळा पार्कातल्या कलेक्टर ऑफिसात विचारा.

एक राहिलं. नुसतं ऐकत नाहीत, मुद्दाम हीट बिघडवतात, हे या कायद्यात बसत नाही. तिथं मेमो आणि शिस्तभंगाची कारवाई. आणि झोप उडणं, थरथर महिन्यावर गेली असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवा, नाहीतर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. केसपेपर, औषधांची बिलं जपून ठेवा. कलम १५ खाली भरपाई ठरवताना मानसिक आघात आणि उपचारांचा खर्च दोन्ही धरतात.