दख्खनी मेंढ्या विकून बाहेरची जात आणावी का?

दख्खनी विकू नका, मेंढा बदला. दुष्काळी माळावर, उन्हातान्हात चालून जगणं तिच्या रक्तातच आहे. अडचण एवढीच की ती बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर तोडगा काढला: सुंदरबनातल्या इवल्याशा गॅरोल मेंढीतलं फेक-बी हे जुळ्यांचं जनुक संकराने दख्खनीत आणलं. तीच ‘नारी सुवर्णा’. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा घेतलात, तर त्याच्या प्रत्येक मादी कोकरात एक प्रत उतरतेच. मात्र मेंढ्याच्या जनुक-तपासणीचा कागद मागा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि जुळ्यांना दूध जास्त लागणार. गाभणकाळाच्या शेवटी खुराक द्यायची तयारी नसेल, तर एकच कोकरू बरं.