जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

प्रश्न : आमचा मुलगा न्यूयॉर्कला असतो. जुलैमध्ये आम्ही उभयता मुंबईहून थेट विमानाने त्याच्याकडे जाणार आहोत. तिकिटावर विमान मंगळवारी पहाटे २ वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी ८.३० ला पोहोचते, असे आहे. परतीचे विमान मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरते. अंतर तेच असताना एवढी तफावत कशी? शिवाय न्यूयॉर्क नकाशात पश्चिमेला असूनही विमान उत्तर युरोपवरून का नेतात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात, त्यामुळे दोन वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा काळ मिळत नाही. जुलैमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा). हा फरक धरला, की जाण्याचा खरा वेळ १६ तास आणि परतीचा साडेचौदा तास निघतो. तुमचे साडेसहा आणि चोवीस मिळवून पाहा. बेरीज तीच, साडेतीस तास, येते, कारण एकीकडे वजा झालेले तास दुसरीकडे पुरते जमा होतात.

उरलेला दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्याचा आहे. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जेथून ही विमाने उडतात तेथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना शक्यतो टाळावे लागतात. हिवाळ्यात ध्रुवाकडील आणि विषुववृत्ताकडील तापमानातील अंतर वाढते, तसा त्यांचा जोरही वाढतो.

मार्गाचे कोडे मात्र नकाशानेच निर्माण केले आहे. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, तर तो अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक असा जातो. वाटेत जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. हे अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या ‘सरळ’ रेषेने गेल्यास ते सुमारे १४,२०० होईल. दोऱ्याच्या वाटेने ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तरी चौदा तास होतात; धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे आणि समोरचा वारा यांत वरचे दोन तास जातात. त्यातही ही वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. पाकिस्तानने २०१९ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. विमान कंपनीने अचानक वेळ बदलली, तर त्यामागे असे कारण असू शकते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर आहे, पण साताऱ्या-पुण्याच्या रस्त्याने ते ३८० च्या आसपास जाते, आणि खंबाटकी व बोरघाटात गाड्या तुंबल्या तर किलोमीटरला काही अर्थ उरत नाही. मंगळवारी पहाटे २ च्या विमानासाठी सोमवारी रात्री ११ पर्यंत विमानतळावर हजर असले पाहिजे. तेव्हा पावसाळ्याचे दिवस धरून सोमवारी सकाळीच कोल्हापूर सोडावे. ‘मंगळवारचे विमान’ म्हणून मंगळवारी घरातून निघणाऱ्यांचे विमान चुकते.