कुत्री फार पाणी पिते, रात्री भांडं उचलून ठेवू का?

२८ किलोची, ७ वर्षांची लॅब्रॅडॉर मादी, नसबंदी केलेली नाही, महिनाभर सारखं पाणी पिते आणि रात्री हॉलमध्ये शू करते, म्हणून रात्री पाणी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. ती जास्त पिते म्हणून जास्त मुतते, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते: मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत आणि ती भरपाई करत असते. भांडं उचललंत तरी लघवी चालूच राहील, आणि सकाळपर्यंत कुत्री सुकेल.

आधी मोजा. सकाळी मापाच्या बाटलीने भांडं भरा, दिवसभरात किती भरलं ते लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. असं सलग ३ दिवस. बाथरूमचं दार बंद हवं, बादली झाकलेली हवी. ताक, सूपही मापात धरायचं. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५०-६० मिली पितो, म्हणजे तुमची दीड लिटरच्या आसपास. १०० मिलीच्या वर, म्हणजे २.८ लिटरहून जास्त, हे नक्की आजाराच्या बाजूचं. मात्र महिन्यापूर्वी भात-चिकन सोडून कोरडं खाणं सुरू केलं असेल तर थोडी वाढ साहजिक आहे. त्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के असतं.

दुसरं काम लघवीचं. सकाळची पहिली, पाणी पिण्याआधीची, लांब दांड्याच्या स्वच्छ पळीत मधली धार धरा, डबीत भरून दोनेक तासांत लॅबला द्या, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते, रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर बघायला सांगा; लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा तो आकडा कुत्र्यांत भरवशाचा नाही. साखर आणि प्रथिनांसाठी पट्टी चालते. १.०३० च्या वर आलं तर मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकतायत. पुन्हापुन्हा १.००८ ते १.०१२ मध्येच अडकलं तर मूत्रपिंडांचा संशय घ्यायचा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते बरंच उशिरा वाढतं.

तुमच्या बाबतीत मला पहिली शंका गर्भाशयात पू होण्याची, म्हणजे पायोमेट्राची. शेवटची हीट (माज) कधी होती? पायोमेट्रा बहुधा हीटनंतर दोनेक महिन्यांच्या आत होतो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडं पाणी रोखेनाशी होतात, म्हणून तहान हे लवकरचं लक्षण. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं तर पू आतच साठतो आणि तोच प्रकार जास्त धोक्याचा. खाणं सुटलं, उलटी झाली, पोट फुगलं तर मोजमाप बाजूला ठेवून त्याच दिवशी सोनोग्राफी.

बाकी रक्तात साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, यकृताची एन्झाइम्स बघतात. पोट लोंबलंय, केस विरळ झालेत, सारखी धापा टाकते, असं असेल तर कुशिंगची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याच्या आजाराची, वेगळी तपासणी. खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे का, तेही सांगा. तहानेचं कारण फक्त तेच असू शकतं. पण गोळी एकदम स्वतःहून थांबवायची नाही, डोस हळूहळू उतरवावा लागतो. पावसाळा असेल आणि सोबत ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. ती लघवी माणसालाही बाधते, पुसताना हातमोजे घाला.

तोवर रात्रीची सोय अशी: जेवण ७ वाजता, शेवटची फेरी ११ वाजता, जमलं तर पहाटे ३-४ ला एकदा खाली. झोपायच्या जागी रबरी शीट, वर जुनी चादर. हॉलमध्ये केलं म्हणून ओरडू नका, तिच्या हातात नाही ते.

नुसत्या सवयीने पिणारे कुत्रेही असतात, पण तसं म्हणायचं ते वरचं सगळं नकारात्मक आल्यावरच. तेव्हाही पाणी डॉक्टरांना विचारून, दर काही दिवसांनी दहाएक टक्के कमी करायचं, आणि तेही दिवसभरात वाटून द्यायचं.